मोठी पिकअप की छोटी कार? आधी अमेरिकेची कारणं समजून घ्या, मग आपल्या गावाचं माप काढा

अमेरिकेत खपणाऱ्या गाड्यांमध्ये फोर्डची एफ-सिरीज पिकअप १९८० च्या दशकापासून जवळपास दरवर्षी पहिल्या नंबरवर राहिली आहे. तिचे व्हिडिओ मोबाइलवर रोज दिसतात, टोयोटाची हायलक्स आणि इसुझूची व्ही-क्रॉस या पिकअपही आता तालुक्याच्या रस्त्यावर नजरेस पडतात. मग कास्तकाराच्या घरात बोलणं सुरू होतं: शेती आहे, पांदण खराब आहे, माल न्यावा लागतो, तर मोठीच घेऊन टाकू. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण अमेरिकन माणूस मोठी गाडी घेतो ती बहुतेक वेळा या तीन कारणांसाठी नव्हे. तिथले कायदे, कर, तेलाचे भाव आणि रस्ते यांनी मोठी गाडी सोपी केली आणि छोटी गाडी दुकानातून जवळजवळ हद्दपार केली. ती कारणं आपल्या गावात लागू होतात का, हे एकेक करून तपासलं की आपल्याला कोणती गाडी हवी याचं उत्तर बरंचसं निघून येतं.

अमेरिकेत मोठी गाडी का परवडते

सुरुवात कोंबडीपासून होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम जर्मनी आणि फ्रान्सने अमेरिकन कोंबडीवर जबर आयातकर लावला. उत्तर म्हणून राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी काही मालावर २५ टक्के आयातकर बसवला, आणि त्यात हलके ट्रकही होते. तो १९६४ पासून लागू झाला. बाकीच्या मालावरचा कर पुढे निघाला, ट्रकवरचा तसाच राहिला. कारवर मात्र अनेक दशकं २.५ टक्केच होता. त्यामुळे बाहेरच्या देशातली छोटी, स्वस्त पिकअप अमेरिकेत फारशी टिकली नाही. पिकअपचा बाजार तिथल्याच कंपन्यांच्या हातात राहिला आणि त्यांनी ती दर पिढीला मोठी व महाग करत नेली.

दुसरं कारण मायलेजच्या नियमाचं. १९७५ च्या कायद्याने कंपन्यांना सरासरी मायलेजची अट घातली, पण ‘हलका ट्रक’ या वर्गाला सौम्य अट मिळाली. एसयूव्हीसुद्धा याच वर्गात बसवल्या गेल्या. पुढे अट गाडीच्या ‘पावला’वर ठरू लागली, म्हणजे दोन्ही आसांमधलं अंतर गुणिले चाकांमधली रुंदी. पाऊल जितकं मोठं तितकी मायलेजची अट सैल. छोटी कार बनवणाऱ्याला अट कडक आणि नफा कमी, मोठी बनवणाऱ्याला अट सैल आणि नफा भरपूर. कंपनीने काय बनवायचं ते इथेच ठरलं. फोर्डने २०१८ मध्ये जाहीर केलं की मस्टँग सोडून उत्तर अमेरिकेतल्या बाकी जवळजवळ सगळ्या कार बंद करणार. होंडा फिट (आपली जॅझ) तिथे २०२० मध्ये थांबली, शेवरोले स्पार्क २०२२ मध्ये. ‘अमेरिकन लोकांना छोटी गाडी आवडत नाही’ असं म्हणताना हे लक्षात ठेवावं की आवडली तरी शोरूममध्ये ती फारशी उरलेलीच नाही.

तिसरं, आयकर. धंद्यासाठी घेतलेल्या गाडीचं एकूण वजन, म्हणजे मालासह कमाल वजन, ६,००० पौंडांपेक्षा (सुमारे २,७२० किलो) जास्त असेल तर तिच्या किमतीचा मोठा भाग पहिल्याच वर्षी खर्चात दाखवता येतो. हलक्या कारला तितकी सूट नाही. तिथला ठेकेदार, दुकानदार, शेतकरी हा हिशेब करूनच जड गाडी घेतो.

चौथं, तेल. अमेरिकेत पेट्रोलवरचा केंद्रीय कर गॅलनला १८.४ सेंट आहे आणि १९९३ पासून तो वाढलेला नाही. गॅलन म्हणजे ३.७८ लिटर, म्हणजे लिटरमागे जेमतेम पाच सेंट. राज्यांचे कर वेगळे, पण सगळं धरूनही तिथलं पेट्रोल तिथल्या कमाईच्या मानाने आपल्यापेक्षा खूप स्वस्त पडतं. लिटरला ८-९ किलोमीटर देणारी गाडी तिथे चालून जाते.

आणि जागा. तिथल्या महामार्गाची एक लेन १२ फुटांची, घरापुढे पार्किंग, बहुतेक लांब प्रवास सरळ रस्त्याने. पावणेसहा मीटरच्या पुढे लांब आणि आरसे सोडून दोन मीटर रुंद गाडी तिथे अडत नाही.

शेवटी ओढण्याचं काम. बोट, घोड्यांचा ट्रेलर, कॅम्पिंगची व्हॅन यासाठी पिकअप लागते हे खरं आहे. पण ग्राहक सर्वेक्षणांमध्ये बहुतेक पिकअपमालकांनी सांगितलं आहे की ते वर्षातून एखाद्या वेळी काही ओढतात किंवा तेही नाही. उलट ज्या अमेरिकन शेतकऱ्यांना खरोखर रोज मालाची ने-आण करायची असते, त्यांच्यातले काहीजण जपानमधून २५ वर्षं जुने ६६० सीसीचे छोटे ट्रक मागवतात. २५ वर्षं जुन्या गाडीला तिथल्या सुरक्षा नियमांतून सूट आहे म्हणून हे जमतं. हे ट्रक साडेतीन मीटरपेक्षाही कमी लांब असतात. आपल्या टाटा एसच्या जातीची गाडी तिकडचा शेतकरी समुद्रापलीकडून आणतो, आणि आपल्याला ती तालुक्यात नवी मिळते. याचा फायदा आपण ओळखायला हवा.

आता आपला कर

आपल्याकडे कायदा नेमका उलट्या दिशेने ढकलतो. चार मीटरपेक्षा कमी लांबी, आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १,५०० सीसीपर्यंत, अशा कारवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे. यातली एकही अट मोडली की ४० टक्के. बोलेरो ३,९९५ मिलिमीटर लांब आणि १,४९३ सीसीची का आहे, हे यावरून कळेल. स्कॉर्पिओसारखी गाडी ४० टक्क्यांत जाते. मालवाहू गाड्यांवर १८ टक्के आणि ट्रॅक्टरवर ५ टक्के.

अमेरिकेतली आयकराची सूट इथे शोधू नका. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे घसारा दाखवून वाचवायचं काही नसतं. कृषी केंद्र, दूध संकलन, जिनिंगचा ठेका असा नोंदणीकृत धंदा असेल तर गोष्ट वेगळी. धंद्यातल्या विक्रीवर जीएसटी लागत असेल तर मालवाहू गाडीवर भरलेला जीएसटी वळता करता येतो, घसाराही मिळतो. तेव्हा सीएला विचारूनच गाडी कोणाच्या नावावर घ्यायची ते ठरवा. ज्याचं उत्पन्न नुसतं शेतीचं आहे, त्याच्यासाठी ‘मोठी गाडी घेतली की टॅक्स वाचतो’ हे शोरूममधलं वाक्य कामाचं नाही.

वर्षाच्या खेपा वहीत मांडा

हे काम संध्याकाळी घरच्या सगळ्यांना बसवून करावं, कारण गाडी कोण कशासाठी वापरतं हे एकट्याला पूर्ण आठवत नाही. मृग ते मृग असं वर्ष धरा आणि प्रत्येक खेप चार खात्यांत टाका: फक्त माणसं, माणसं आणि शंभर किलोपर्यंत सामान, शंभर ते सातशे किलो, सातशे किलोच्या वर.

पाच एकरांचं कोरडवाहू कुटुंब घ्या, अर्धं सोयाबीन, अर्धं कापूस, सोयाबीनमध्ये तुरीचे तास. पेरणीला खत: युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५० ची. वीस गोण्या म्हणजे साधारण एक टन, तीही दोन वेळा मिळून येते. अडीच एकरांत एकरी सात क्विंटल सोयाबीन धरलं तर साडेसतरा क्विंटल, म्हणजे ट्रॅक्टरची एक ट्रॉली किंवा बोलेरो पिकअपच्या दोन खेपा. कापसाचं गणित वेगळं आहे. तो वजनाने नाही, जागेने भरतो. दीड टनाच्या पिकअपमध्ये जाळी उंच करूनही वजनाच्या मानाने खूपच कमी कापूस मावतो, म्हणून कापसासाठी ‘किती टनाची गाडी’ हा प्रश्नच चुकीचा आहे. हौदाची लांबी-रुंदी आणि जाळीची उंची बघावी. तीन वेचण्या धरल्या तर तीन ते पाच खेपा. तूर आणि हरभऱ्याची एखादी. सगळं मिळून जड खेपा वर्षाला फार तर दहा-बारा होतात. बाकी सगळं तहसील, दवाखाना, लग्नं, बँक, पोरांची परीक्षा, आठवडी बाजार. म्हणजे पहिली दोन खाती.

संत्रा बागायतदाराने आणखी एक गोष्ट बघावी. वरूड-मोर्शी पट्ट्यात बरीच बाग झाडावरच व्यापाऱ्याला जाते, तोडणी आणि वाहतूक त्याची. तशी विक्री असेल तर बागेच्या नावावर पिकअप घेण्यात अर्थ नाही. स्वतः क्रेट भरून नागपूरच्या कळमना बाजारात नेणारा असेल तर वीस-बावीस किलोचे पन्नास क्रेट म्हणजे एक टनाच्या वर, आणि हंगामात अशा खेपा एकामागे एक येतात. त्याला पिकअप लागतेच.

रोजचं दूध, रोजचा भाजीपाला, शेळ्या-बोकडांचा बाजार, ढेप-चाऱ्याची ने-आण असेल तर तिसरं खातं भरून वाहतं. तिथे टाटा एस किंवा सुपर कॅरीसारखी लहान मालवाहू पुरते. सुपर कॅरी पेट्रोलवर साधारण ७४० किलो वाहते, सीएनजीची टाकी बसल्यावर ६२५. सीएनजी घेताना हा ११५ किलोंचा फरक आणि सर्वांत जवळचा पंप किती किलोमीटरवर आहे, हे दोन्ही विचारात घ्या.

घरी ट्रॅक्टर-ट्रॉली असेल तर चौथं खातं कोरं समजा. अमेरिकन माणूस पिकअपने जे ओढतो ते आपल्या गावात ट्रॅक्टर ओढतो. तो घरात असताना त्याच कामासाठी आठ-दहा लाख पुन्हा घालण्याचं कारण नाही.

भाड्याची की घरची: खेपांचा आकडा

खालचे आकडे पद्धत समजण्यासाठी आहेत. तुमच्या गावचं भाडं आणि तुमच्या बँकेचा दर टाकून पुन्हा करा.

समजा पिकअपसाठी ८ लाखांचं कर्ज, ९.५ टक्के व्याज. ७ वर्षांसाठी महिन्याचा हप्ता साधारण १३,०७५ रुपये. वर्षाचे १ लाख ५७ हजार. विमा, कर, फिटनेस मिळून ४० हजार आणि टायर-दुरुस्ती २५ हजार धरा. म्हणजे डिझेल टाकायच्या आधी वर्षाला २ लाख २२ हजार. तालुक्याची एक खेप भाड्याने १,५०० रुपयांत होत असेल आणि घरच्या गाडीने जाऊन-येऊन ४० किलोमीटरचं डिझेल ३०० रुपयांचं लागत असेल, तर घरच्या गाडीने एका खेपेत वाचले १,२००. आता २,२२,००० भागिले १,२००: वर्षाला १८५ खेपा. दर दोन दिवसांनी एक. दहा-बारा खेपांच्या घरात ही गाडी गोठ्यात उभ्या बैलासारखी खात राहते.

‘दुसऱ्यांचं भाडं मारू’ हा विचार वाईट नाही, पण त्यात एक पेच आहे. सोयाबीन सगळ्यांचं एकाच वेळी निघतं. भाडं असतं ते दसरा-दिवाळीच्या त्या दोन-तीन आठवड्यांत, आणि नेमका तेव्हाच तुमचा माल खळ्यावर असतो, वर पावसाची भीती. वर्षभराचं भाडं मिळायला दूध डेअरी, किराणा व्यापारी, पोल्ट्री, वीटभट्टी यांपैकी कोणाचं तरी बांधलेलं काम हातात हवं. ते आधी ठरवा, गाडी नंतर.

कर्जाच्या मुदतीबद्दल इथेच सांगायला हवं. अमेरिकेत ७२ आणि ८४ महिन्यांची वाहनकर्जं सर्रास झाली आहेत. हप्ता लहान दिसतो आणि माणूस एक पायरी मोठी गाडी घेतो. वरचंच कर्ज ५ वर्षांत फेडलं तर हप्ता १६,८०० च्या आसपास आणि एकूण व्याज सुमारे २ लाख ८ हजार. ७ वर्षांत व्याज २ लाख ९८ हजार. नव्वद हजारांचा फरक फक्त मुदतीचा. शोरूमवाला महिन्याचा हप्ता सांगेल; तुम्ही एकूण परतफेड कागदावर लिहून मागा. पैसा हंगामावर येणाऱ्या घराने सहामाही हप्ता मिळतो का, हेही विचारावं. ट्रॅक्टरच्या कर्जात तो रुळलेला आहे, काही वित्तसंस्था पिकअपलाही देतात.

इंधनाचा हिशेब किलोमीटरवर करा. छोटी पेट्रोल कार प्रत्यक्षात लिटरला १८ किलोमीटर देते असं धरलं आणि पेट्रोल १०५ रुपये, तर किलोमीटरला ५ रुपये ८० पैसे. भरलेली डिझेल पिकअप १२.५ देत असेल आणि डिझेल ९१, तर ७ रुपये ३० पैसे. मोठी डिझेल एसयूव्ही ११ देत असेल तर ८ रुपये ३० पैशांच्या आसपास. जाहिरातीतलं मायलेज धरू नका, त्यातून पाचवा भाग तरी वजा करा; मे महिन्याच्या ४५ अंशांत एसी लावून चालवणार असाल तर चौथा.

पांदण, गल्ली आणि फाटक मोजा

सोबत टेप, एक सरळ काठी आणि खडू घ्या. पांदणीवर चाकोरी जिथे सगळ्यांत खोल आहे तिथे थांबा. दोन्ही चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर काठी आडवी ठेवा आणि काठीपासून चाकोरीच्या तळापर्यंत मोजा. पाच-सहा जागी असं माप घ्या, सर्वांत मोठा आकडा धरा. छोट्या कारचं पोट रिकामी असताना जमिनीपासून साधारण १६५ ते १८० मिलिमीटरवर असतं. पाच माणसं बसली की तीस-चाळीस मिलिमीटर खाली येतं. म्हणजे उंचवटा पाच इंचांच्या (१२५ मिलिमीटर) आत असेल तर कार निभावते. त्याच्या वर असेल तर ऑइल चेंबर घासणार. पण गाडी बदलायच्या आधी मधला उंचवटा खरवडून चाकोरीत मुरूम भरायचा खर्च काढा. चार-पाच वावरवाल्यांनी मिळून केला तर तो बहुधा एका हप्त्याइतकाही येत नाही, आणि बंडीलाही रस्ता होतो.

पावसाळ्यातला चिखल हा स्वतंत्र विषय आहे, आणि इथे सर्वांत जास्त फसगत होते. ओली काळी माती टायरच्या खाचांत बसते आणि टायर गुळगुळीत होतो. मग गाडी मोठी असो की लहान, चाक जागीच फिरतं. रिकाम्या पिकअपचं तर जास्तच, कारण तिचं वजन पुढे आणि जोर मागच्या चाकांवर. नाइलाजाने न्यायचीच असेल तर मागच्या आसाच्या बरोबर वर रेतीची तीन-चार पोती बांधून ठेवा, दीडशे किलोपर्यंत. हौदाच्या शेवटाला ठेवली तर पुढचं टोक हलकं होऊन स्टिअरिंग ऐकत नाही. फोर-बाय-फोरने मदत होते, पण साध्या रस्त्याच्या टायरवर चिबडलेल्या वावरात तीही रुतते. ट्रॅक्टरचा मोठ्या गुट्ट्यांचा टायर फिरता फिरता माती झटकतो, म्हणून तो निघतो. जून ते सप्टेंबर गाडी डांबरी रस्त्याच्या कडेला ठेवून वावरात दुचाकीने किंवा पायी जाण्याची सोय असेल, तर फक्त चिखलासाठी चार-पाच लाख जास्त मोजू नका.

रपट्यावरून पाणी वाहत असेल तर कोणतीच गाडी घालू नका. फूटभर वाहतं पाणी बहुतेक कार वाहून नेऊ शकतं, दोन फूट पाणी एसयूव्ही आणि पिकअपसुद्धा. हा इशारा अमेरिकेची हवामान सेवा मोठ्या गाड्यांच्या देशातच वर्षानुवर्षं देते आहे. उंच गाडीतला माणूस धीर करून पुढे जातो आणि तिथेच घात होतो.

मग गल्ली. घरापासून मुख्य रस्त्यापर्यंतची सर्वांत अरुंद जागा मोजा, ओट्याच्या आणि नालीच्या काठापासून. अल्टो १,४९० मिलिमीटर रुंद, वॅगन-आर १,६२०, बोलेरो १,७४५, हायलक्स १,८५५. आरसे धरून यात वीस-पंचवीस सेंटिमीटर मिळवा आणि दोन्ही बाजूंना किमान एकेक वीत मोकळी ठेवा. काटकोनी वळण असेल तर रुंदीपेक्षा लांबी अडते. हायलक्स ५.३ मीटरची आहे. खडूने अंगणात तेवढा चौकोन आखा आणि गाडी उभी राहिल्यावर बंडी, जनावरं, वाळवणाची जागा उरते का ते पाहा.

‘मोठी म्हणजे सुरक्षित’ हे किती खरं

धडकेत जड गाडीतल्या माणसाला काही प्रमाणात फायदा होतो, पण बाहेरच्याला धोका वाढतो. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, बॉनेटची पुढची कड ४० इंचांपेक्षा उंच असलेल्या गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता, ३० इंचांपर्यंत उंच आणि उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त आढळली. आपल्या अंगणात लेकरं, म्हातारी माणसं, करडं सगळी गाडीच्या पुढ्यातच असतात. म्हणून गाडी पसंत करताना ही तपासणी करा: घरातला जो सगळ्यांत ठेंगणा चालवणारा आहे त्याला स्टिअरिंगवर बसवा, दुसऱ्याने तीन फुटांची काठी उभी धरून बंपरपासून मागे मागे सरकायचं, आणि काठीचं टोक दिसायला लागलं तिथे खडूची खूण करायची. बंपरपासून त्या खुणेपर्यंत तीन फुटांचं मूल तुम्हाला दिसणार नाही. तीन-चार गाड्यांचं माप घेतलं की फरक डोळ्यांसमोर येतो.

आतल्या माणसांसाठी गाडीच्या आकारापेक्षा धडक-चाचणीत तिला मिळालेले तारे बघा. भारत एनकॅप ही आपल्याकडची धडक-चाचणी २०२३ मध्ये सुरू झाली. ती प्रवासी गाड्यांची होते, मालवाहू पिकअपची नाही. उंच गाडी जोरात वळवली तर उलटण्याचा धोका जास्त, हेही ध्यानात असू द्या.

पिकअपच्या हौदात माणसं बसवू नका. वेचणीच्या बाया, लग्नाचं वऱ्हाड, जत्रा, सगळीकडे हे चालतं. मालवाहू गाडीचा विमा हौदातल्या प्रवाशांना लागू होत नाही. अपघात झाला तर भरपाई मालकाच्या अंगावर येते आणि वावर विकायची पाळी येऊ शकते. मजूर रोज न्यायचे असतील तर त्यासाठी प्रवासी गाडीच लावा.

पिकअपचा एक मोठा फायदा मात्र मान्य करायला हवा: कीटकनाशकं उघड्या हौदात येतात. हॅचबॅकची डिकी आतूनच बसायच्या जागेला जोडलेली असते; बाटली झिरपली तर वाफ घरच्यांच्या नाकात जाते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीतल्या विषबाधेने किती घरं उजाडली ते आपण पाहिलं आहे. कार घेतलीत तरी औषधं खताच्या भाड्याच्या गाडीतूनच मागवा.

जुनी पिकअप घेताना

जुन्यात सर्वांत जास्त फसवणूक ओव्हरलोड चाललेल्या गाडीची होते. खाली वाकून मागचे पाटे मोजा. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीच्या मानाने पाटा जास्त दिसला किंवा नवा-जुना मिसळलेला दिसला, तर गाडी क्षमतेपेक्षा जास्त वाहत होती. चेसिसच्या दोन्ही पट्ट्यांवर टॉर्च मारा. केबिनच्या मागे आणि मागच्या पाट्यांच्या कड्यांजवळ वेल्डिंग किंवा ताजा काळा रंग असेल तर सोडून द्या. मागच्या टायरची आतली कड जास्त झिजली असेल तर आस वाकलेला असू शकतो. चौथ्या गिअरमध्ये ४०-५० च्या वेगाला पाय काढला आणि मागून घरघर आली तर डिफरन्शियलचं काम निघतं, आणि ते महाग. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये जोर दिल्यावर इंजिन ओरडतं पण गाडी उचलत नाही, तर क्लचप्लेट गेली.

कागदांसाठी एम-परिवहन ॲपवर नंबर टाका: फिटनेस, विमा, बँकेचा बोजा, थकलेली चलनं दिसतात. बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. मध्य प्रदेश किंवा तेलंगणातून स्वस्तात आलेली गाडी असेल तर फॉर्म २८ चं ना-हरकत आणि महाराष्ट्राचा कर, दोन्ही किमतीत मिळवा. बऱ्याचदा स्वस्ताई तिथेच संपते.

पाटी, परवाना आणि काटा

भाडं मारायचं असेल तर पिवळी पाटी. पांढऱ्या पाटीवर भाडं मारताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. पिवळ्या पाटीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. त्याच्या वर लागतं, म्हणून पिकअपचं मॉडेल ठरवताना आरसीवरचा हा आकडा आधी बघा. चालवायला हलक्या वाहनाचा साधा (एलएमव्ही) परवाना ७,५०० किलोपर्यंत चालतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते स्पष्ट केलं आहे.

पिकअप घरी आली की पहिल्याच आठवड्यात तिला टाकी भरून, जाळी-ताडपत्री-स्टेपनीसह आणि चालक बसवून धरमकाट्यावर न्या. आरसीवरच्या एकूण वजनातून काट्याचा आकडा वजा करा. जे उरलं तेवढाच माल तुम्ही कायद्याने भरू शकता. जाळी आणि हौदाचं जादा लोखंड यामुळे तो कंपनीने सांगितलेल्यापेक्षा शे-दीडशे किलो कमी निघतो. तो आकडा क्विंटलमध्ये आणि पोत्यांमध्ये केबिनच्या दारावर आतून रंगवून घ्या, म्हणजे हमालालाही दिसेल. ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. टायरचा दाब दारावरच्या पट्टीप्रमाणे ठेवा; रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचा वेगळा दिलेला असतो. तो सकाळी, गाडी चालवायच्या आधी, टायर थंड असताना मोजा.